पिवळीची सोयरीक: पिल्लू आणि घर जुळवताना आम्ही कुठे चुकलो (प्रकरण अभ्यास)

या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावांची आणि घरांची नावं देत नाहीये. कुत्र्यांची नावं मात्र खरी आहेत.

पार्श्वभूमी

जुलै २०२४ चा शेवटचा आठवडा, गोव्यातला फोंडा तालुका, आणि पाऊस असा की अंगणातली तुळस दिसेना. एका बंद घराच्या जिन्याखाली गावठी कुत्री व्यायली होती, तिथे पाणी शिरायला लागलं म्हणून शेजारच्या काकींनी फोन केला. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघीच हे काम करतो, संस्था वगैरे काही नाही, ओळखीतून फोन येतात आणि जमेल तेवढं करतो. आई आणि पाच पिल्लं आमच्याकडे आणली. दात आणि चाल बघून डॉक्टर म्हणाले चार आठवड्यांची असतील, म्हणजे जन्म जूनच्या शेवटी. ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीचा धागा बांधला आणि तीच नावं पडली: तांबडा, हिरवा, निळी, पांढरा आणि पिवळी.

आई माणसाळलेली होती, हात पुढे केला की मान टेकवायची, त्यामुळे पिल्लंही तशीच निघतील असं आम्ही गृहीत धरलं. पण पिल्लांचे पहिले चार आठवडे जिन्याखाली अंधारात गेले होते, पावसाचा आवाज आणि आईचा वास सोडून त्यांनी काहीच अनुभवलं नव्हतं. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीवर बरीच वर्षं काम केलं, त्यातून पुढे आलेली आणि आज सगळीकडे मानली जाणारी गोष्ट अशी की साधारण ३ ते १२ आठवडे हा पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ, त्यात जे भेटलं ते ओळखीचं आणि जे नाही भेटलं त्याची नंतर भीती. आमच्या पिल्लांचा यातला पहिला आठवडा असाच वाया गेला होता. ही गोष्ट मला माहीत होती, पण घर निवडताना ती डोक्यात ठेवली नाही.

चाचणी आणि आम्ही काढलेला अर्थ

१७ ऑगस्टला, पिल्लं सात आठवड्यांची झाल्यावर, आम्ही स्वभावाची चाचणी घेतली. वेंडी आणि जॅक वोलहार्ड यांची पद्धत बरेच जण वापरतात, तीच घेतली, ती ४९ व्या दिवसाच्या आसपास करतात आणि प्रत्येक कसोटीला १ ते ६ असे गुण असतात. पिल्लू हाक मारल्यावर येतं का, मागे चालतं का, पाठीवर झोपवून ३० सेकंद धरलं तर काय करतं, उचलून धरलं तर काय, कागदाचा बोळा टाकला तर आणतं का, भांड्यावर चमचा आपटला तर काय, दोरीला बांधलेला टॉवेल ओढला तर काय, छत्री उघडली तर काय, अशा दहा कसोट्या.

हिरवा छत्रीवरच चढला. तांबड्याने टॉवेल पकडून ओढला आणि सोडेचना. निळी आणि पांढरा मधले, दचकले पण लगेच परत आले.

पिवळीला पाठीवर झोपवलं तर ती हललीच नाही. पाय हवेत, शेपटी पोटाला घट्ट चिकटलेली, नाकावर जीभ फिरतेय, परत फिरतेय, आणि नजर माझ्याकडे नाही, बाजूच्या भिंतीकडे, इतकी वळलेली की डोळ्यातला पांढरा भाग दिसत होता. ३० सेकंदांनी सोडल्यावरही ती तशीच पडून राहिली. मी तिच्या नाकापुढे कलेजीचा तुकडा धरला, जो बाकीचे चौघे बोटासकट खात होते, तो तिने हुंगलाही नाही. मी कागदावर लिहिलं: शांत, ऐकणारी, मुलांसाठी चांगली.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. शांत पिल्लू सैल असतं, श्वास संथ असतो, खायला दिलं की खातं. घाबरून गोठलेलं पिल्लूही हलत नाही, पण त्याचं अंग कडक असतं आणि तोंड बंद होतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. मी तर हातभर अंतरावर होते तरी चुकले, कारण पाचही पिल्लांची चाचणी एका तासात उरकायची होती आणि मला ती गरीब आहे असंच वाटून घ्यायचं होतं.

अजून एक चूक त्याच दिवशी झाली. ही चाचणी पिल्लाला नवीन असलेल्या जागेत, अनोळखी माणसाने घ्यायची असते. आम्ही ती आमच्याच बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर घेतली आणि घेणारी मी, जी रोज त्यांना पेज घालत होते. म्हणजे ओळखीच्या जागी ओळखीच्या हातात पिवळी एवढी घाबरली होती, तर परक्या घरात काय होईल हे खरं तर समोर दिसत होतं. आणि सात आठवड्यांच्या एका चाचणीवरून मोठेपणीचा स्वभाव फारसा सांगता येत नाही हे नंतरच्या अभ्यासांतून परत परत दिसलंय, ते पिल्लू आज कुठे आहे एवढंच ती सांगते. आम्ही तिला पत्रिकेसारखं धरलं.

घर कसं ठरलं

पिवळीला मागणी आली ती एका मोठ्या एकत्र कुटुंबातून. जुनं घर, मधोमध मोकळं राजांगण, रोजची नऊ माणसं, त्यात सहा आणि नऊ वर्षांच्या दोन मुली. माणसं खरोखर चांगली, आधीचा कुत्रा त्यांनी तेरा वर्षं सांभाळलेला आणि तो गेल्यावर दोन वर्षं घरात कुत्रा नव्हता. आम्ही जाऊन घर बघितलं, गेट बघितलं, विहिरीला कठडा आहे का बघितलं, कुत्रा रात्री कुठे झोपेल, साखळीला बांधणार का, नसबंदी करणार का, सगळं विचारलं. उत्तरं सगळी बरोबर होती.

पहिला निर्णय इथे झाला. त्या घरातल्या आज्जींना हिरवा आवडला होता, धीट आहे, घर राखेल म्हणाल्या. धाकटी बाय मात्र पिवळीला मांडीवर घेऊन बसली आणि पिवळी हललीच नाही, आणि सगळे म्हणाले बघा कशी गरीब आहे, हिलाच नेऊया. मीही हो म्हटलं.

दुसरा निर्णय तारखेचा. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे, आम्ही विकत नसलो तरी तीच मर्यादा पाळतो. त्यामुळे रविवार २५ ऑगस्ट ठरला. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. माझी मैत्रीण म्हणाली चवथ होऊन जाऊ दे, मग देऊ. घरचे म्हणाले मुंबईहून भावाची मुलं येणार आहेत, त्यांना पिल्लू बघायचंय, आणि मला वाटलं दोन आठवडे आहेत, तोवर रुळेल. आठ ते दहा-अकरा आठवडे हा पिल्लांचा हळवा काळ धरतात, त्यात बसलेली एक मोठी धास्ती लांबपर्यंत राहू शकते. ते पंधरा दिवस नेमके त्याच काळात आले.

काय बिघडलं

पहिल्या आठवड्यात रोज फोन, ठीक आहे, थोडं कमी खाते, कपाटाखाली बसते, रात्री रडत नाही. रडत नाही हे ऐकून मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या आठवड्यात घराची साफसफाई, रंग, गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीची तयारी, सामान हलवणं, आणि पिवळीची कपाटाखालची जागाच गेली. तिला मागच्या खोलीत ठेवलं, जिथून सगळ्यांची ये-जा होती.

चवथीला घरात पंचवीसच्या वर माणसं. सकाळ-संध्याकाळ आरती, घुमट, शामेळ, कांसाळं ही वाद्यं, अंगणात फटाके. ज्यांनी घुमटआरती बंद खोलीत ऐकली आहे त्यांना माहीत आहे तो नाद छातीत कसा वाजतो, आणि माणसाला जो आवाज भक्तीचा वाटतो तो दहा आठवड्यांच्या पिल्लाला नुसता आवाजच असतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मुंबईहून आलेला आठेक वर्षांचा मुलगा तिला पलंगाखालून ओढून काढायला गेला. ती गुरगुरली. एका काकांनी गुरगुरते म्हणून तिला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने मारलं. थोड्या वेळाने मुलगा परत गेला, तेव्हा ती गुरगुरली नाही, सरळ चावली. मनगटावर दोन दात, थोडं रक्त.

या दोन मिनिटांत काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना आहे, लांब राहा असं सांगणं आहे. ती दिल्यावर मार बसला तर पुढच्या वेळी ते सूचना गाळतं. काकांचा हेतू वाईट नव्हता, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हेच शिकवलेलं आहे, पण आम्ही पिल्लू देताना हे त्या घराला सांगितलं नव्हतं हे आमचं.

घरच्यांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि मुलाला सरळ आरोग्य केंद्रात नेलं. पिवळीला रेबीजची लस अजून मिळालेली नव्हती, ती साधारण बारा आठवड्यांनी देतात. मुलाला ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असे डोस द्यायचे ठरले. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालाय, गावोगावी कुत्र्यांना लस देऊन अंगावर रंगाची खूण करतात ते आपण बघतो, पण म्हणून चावा अंगावर काढायचा नसतो.

समोर कोणते पर्याय होते

संध्याकाळी फोन आला तेव्हा आज्जी रडत होत्या, पिल्लाला कोणी परत मारेल म्हणून. आम्ही दोघी रात्री बसलो.

तिथेच ठेवून सुधारायचं का? कुटुंबातले दोघं तयार होते. पण गणपती पाच दिवसांचा, अजून पाहुणे, बंद करता येईल अशी एकही खोली नाही, आणि पिल्लू शिकण्याच्या अवस्थेतच नव्हतं, खात नव्हतं. हा पर्याय सोडला.

पिवळीला आणून हिरव्याला तिथे द्यायचं का? हिरवा अजून आमच्याकडेच होता, आज्जींनी सुरुवातीलाच तो मागितला होता, आणि मैत्रीण म्हणत होती की गोंगाट, मुलं, माणसांची वर्दळ हे त्याला मानवेल, फक्त चवथ संपू दे. मी नाही म्हटलं. तेव्हा मला वाटलं ज्या घरात मार बसला तिथे दुसरं पिल्लू कसं द्यायचं. आज मला वाटतं चूक माझ्या जुळवणीची होती आणि शिक्षा मी त्या घराला दिली. यावर आमचं दोघींचं अजून एकमत नाही, ती म्हणते मारणाऱ्या हातांना आधी शिकवायला हवं होतं आणि मग द्यायचं, माझा नकार तिला मान्य नव्हता आणि घाईही मान्य नसती.

तिसरा पर्याय, पिवळीसाठी एक एकट्या बाईंचं घर लगेच तयार होतं, तिथे सरळ नेऊन ठेवायची. मोह झाला होता. पण पंधरा दिवसांत तिसरी जागा झाली असती आणि ती खरी कशी आहे हे आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं. म्हणून ठरलं, घरी आणायची, तीन आठवडे काहीही मागायचं नाही, नुसतं बघायचं.

काय केलं

पहिले चार दिवस तिला हातही लावला नाही. जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवला, दोन बाजूंनी उघडा, म्हणजे कोंडल्यासारखं वाटू नये. मी जवळ जमिनीवर पाठ करून बसायचे आणि कलेजीचे तुकडे मागे टाकायचे. दुसऱ्या दिवशी रात्री खाल्ले. पाचव्या दिवशी मांडीला नाक लावून गेली.

मग आवाज. मोबाईलवर घुमटाची आरती अगदी बारीक लावायची, ती खात असतानाच, आणि तिने खाणं थांबवलं की आवाज कमी. पाव विकणारा पोदेर सकाळी सायकलचा भोंगा वाजवत यायचा तेव्हा प्रत्येक वेळी तुकडा. दुसरी लस झालेली होती पण सगळं वेळापत्रक पुरं व्हायचं होतं, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या भीतीने जमिनीवर सोडता येत नव्हती, म्हणून कापडी झोळीत घालून बाजाराच्या कडेला, बसस्टँडवर दहा-दहा मिनिटं उभी राहायचे. लसी पुऱ्या होईपर्यंत घरातच ठेवायची असं केलं तर शिकायचा काळ निघून जातो, आणि खाली सोडली तर आजार, म्हणून ही झोळी.

रोज वहीत एकच गोष्ट लिहिली: दचकल्यावर परत खायला किती वेळ लागला. दचकण्याला महत्त्व नाही, धीट पिल्लूही दचकतं, सावरायला किती वेळ लागतो त्यात स्वभाव दिसतो. चमचा पडला, पहिल्या आठवड्यात ११ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात ४० सेकंद. पण अनोळखी पुरुष घरात आला की तो जाईपर्यंत खाणं बंद, यात तीन आठवड्यांत काहीच फरक नाही. आता आमच्याकडे पिवळीचं खरं वर्णन होतं: सावरते, पण हळू, एका वेळी एकच गोष्ट, आणि माणसांपेक्षा कुत्र्यांकडून लवकर शिकते.

हे शेवटचं वाक्य ठरवून गेलं. ज्या बाईंचं घर तयार होतं त्या निवृत्त शिक्षिका, डिचोली तालुक्यात, रस्त्यापासून आत, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. त्यांच्याकडे नऊ वर्षांचा मोती होता, दिवसभर सोप्यावर झोपणारा. यावेळी आम्ही प्रश्न वेगळे विचारले. दिवसभरात घरात कोण कोण येतं? नारळ पाडायला कोण येतो, कधी? चवथ तुमच्याकडे असते का, दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री आवाज किती येतो? पिल्लू सहा महिने तुमच्या जवळ आलं नाही तर चालेल का? बाई यावर थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पहिलीच्या वर्गात अशी मुलं असायची गो, वर्षभर बोलायची नाहीत. बसू दे."

तीन भेटी झाल्या. पहिल्या भेटीत मोतीने पिवळीकडे बघितलंही नाही, आणि तेच तिला हवं होतं. ती वीसेक मिनिटं माझ्या पायामागे, मग एक पाऊल, मग दोन, मग त्याच्या शेपटीजवळ जाऊन तिने हुंगलं आणि मागे पळाली. मोतीने कूस बदलली. ती परत आली. तासाभराने दोघांच्या पाठी एकमेकांना टेकल्या होत्या. २९ सप्टेंबरला, तेरा आठवड्यांची असताना, तिला तिथे सोडलं. त्याआधी रेबीजची लस झाली होती.

पुढे काय झालं

नरकासुराच्या रात्री बाईंनी दुपारीच तिला आतल्या खोलीत घेतलं, खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला आणि मोतीला तिच्याजवळ झोपवलं. ती थरथरत होती पण रात्री दहाला जेवली. फेब्रुवारीत नसबंदी झाली. वर्षाची झाली तेव्हा मी गेले होते, मला ओळखलं, शेपटी हलवली, पण बाईंच्या मागेच उभी राहिली. अनोळखी पुरुषांना ती आजही हात लावू देत नाही आणि नारळ पाडणारा पाडेली आला की कुळागराच्या टोकाला जाऊन बसते. हे बदलेल असं मला वाटत नाही आणि बाईंनाही त्याची गरज वाटत नाही. पोदेराच्या भोंग्याला मात्र ती मोतीच्या आधी गेटवर असते, पोईचा, म्हणजे पावाचा एक तुकडा तिचा ठरलेला आहे.

हिरवा म्हापशाजवळ एका हॉटेल चालवणाऱ्या जोडप्याकडे आहे, दिवसभर माणसांत. बाकीचे तिघे आणि त्यांची आई यांचंही नीट आहे.

आज परत केलं तर

चाचणी मी आताही घेते, पण दोनदा, आठवड्याच्या अंतराने, एकदा मैत्रिणीच्या ओळखीच्या घरी आणि पिल्लांनी कधी न बघितलेल्या माणसाकडून. प्रत्येक कसोटीनंतर खायला देते आणि खाल्लं का ते लिहिते. शांत हा शब्द वहीत लिहायचा नाही असं आम्ही ठरवलंय, अंग सैल होतं की कडक, तोंड उघडं की बंद, तेवढंच लिहायचं.

चवथ, दिवाळी, घरातलं लग्न, घरदुरुस्ती यांच्या आधी सहा आठवड्यांत आम्ही कोणालाच पिल्लू देत नाही, धीट असलं तरी. आणि घराला विचारायचे प्रश्न आता पिल्लाच्या कसोट्यांपेक्षा जास्त आहेत. आधी आम्ही कुंपण आणि विहीर बघायचो, ते बघायलाच हवं, पण त्यातून पिल्लाचा एखादा साधा मंगळवार कसा जाणार ते कळत नाही. कुत्रा गुरगुरला तर तुमच्याकडे काय करतात, हा प्रश्न तर पहिल्याच फोनवर विचारते. मारतो असं उत्तर आलं तर लगेच नकार देत नाही, पुढच्या भेटीला त्या माणसालाही बसवते.

त्या एकत्र कुटुंबाकडे मी मार्च २०२५ मध्ये परत गेले. माफी मागायला जायला मला सहा महिने लागले हे बरोबर नव्हतं. काका स्वतःहून म्हणाले, त्या दिवशी मी मारायला नको होतं. त्यांना अजून कुत्रा हवा होता पण आता पिल्लू नको म्हणाले, आणि मला ते पटलं, कारण पिल्लाच्या बाबतीत आपण अंदाज बांधतो, मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसत असतो. आमच्याकडे तेव्हा साधारण दोन वर्षांची एक तपकिरी कुत्री होती, बाजारात वाढलेली, गर्दीत झोपणारी. तिला आधी चार रविवार त्या घरी नेऊन आणलं, मग एप्रिलमध्ये दिली.

२७ ऑगस्टला चवथीच्या संध्याकाळी धाकट्या बायने फोटो पाठवला. आरती चालू आहे, घुमटवाले रांगेत बसलेत आणि ती कुत्री माटोळीखालच्या चटईच्या कडेला आडवी पडलीये, चारही पाय लांब, तोंड थोडं उघडं.